उणे दहा

स्मरणिकेसाठी लेख हवा म्हणून फोन आला तेव्हा संपादक मंडळाची अट एकच होती. "आठवणी सगळेच लिहितायत, तू जरा वेगळं काहीतरी दे." बँकेत पस्तीसहून जास्त वर्षं खुर्ची उबवलेल्या माणसाकडे वेगळं काय असणार? पण निवृत्तीनंतर मी एक उद्योग केला आहे. आपल्याला बारावीला जे लॉगरिदम होते, त्यांचा इतिहास मिळेल तिथून वाचत बसलो. घरच्यांना वाटलं, हा वेळ घालवतोय. त्याचं खरं कारण आपल्याच वर्गात, १९८० साली, घडलेलं आहे. त्यात चूक माझी होती. ते कारण आधी सांगतो, मग इतिहास.

दहावीपर्यंत आपण मराठीतून शिकलो आणि अकरावीला सगळं गणित एकदम इंग्रजीत अंगावर आलं. त्यात ते पिवळट पानांचं लॉगटेबल. गुणाकार करायचा तर बेरीज करा, भागाकार करायचा तर वजाबाकी करा, मग मागच्या पानांवर जाऊन अँटिलॉग बघा. 'बार टू पॉइंट' असं काहीतरी म्हणताना आपण फार मोठे झाल्यासारखं वाटायचं. रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत लॉग म्हणजे १० पायाचा, आणि तासाभराने गणिताच्या वर्गात तोच लॉग ई पायाचा, म्हणजे २.७१८ च्या आसपासच्या कुठल्यातरी विचित्र संख्येचा. दोन्हींमधला पूल म्हणजे २.३०३ हा आकडा. तो आपण पाठ केला. तो १० चा नैसर्गिक लॉग आहे हे मला तरी कित्येक वर्षांनी कळलं.

आपल्या सरांची एक शिस्त होती. कुणी फळ्यावर शंकास्पद पायरी लिहिली की ते रागावत नसत. म्हणत, "आकडे घालून बघ." लॉग (अ + ब) ची फोड लॉग अ + लॉग ब अशी आपल्यापैकी निम्म्या वर्गाने केली होती, मीही केली होती. सरांनी अ ला २ आणि ब ला ३ घ्यायला लावलं. २ चा लॉग ०.३०१०, ३ चा ०.४७७१, बेरीज ०.७७८१. टेबलात ५ चा लॉग बघितला तर ०.६९९०. "मग ०.७७८१ कुणाचा?" शोधलं तर तो ६ चा निघाला, म्हणजे गुणाकाराचा. भागाकाराचंही तसंच. लॉग ८ भागिले लॉग २ म्हणजे ३, आणि लॉग (८ भागिले २) म्हणजे ४ चा लॉग, ०.६०२१. या दोन गोष्टी एक नव्हेत हे आकड्यांनी जसं डोक्यात बसलं तसं नियम घोकून बसलं नसतं. माझ्या पेपरवर मात्र सरांनी लाल शाईत एक प्रश्न लिहून ठेवला होता: "हा नियम कोणी केला?" तो प्रश्न टोमणा म्हणून होता. मी चाळीस वर्षांनी त्याचं उत्तर शोधायला बसलो.

आता तो प्रसंग. शनिवारची दहा गुणांची चाचणी. सर वह्या बदलून तपासायला लावत, मुलांच्या मुलींकडे आणि मुलींच्या मुलांकडे, म्हणजे ओळखीवर गुण मिळू नयेत. माझ्याकडे खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरची वही आली. शेवटचं उदाहरण होतं: लॉग (क्ष वर्ग) = २, पाया १०, तर क्ष किती? फळ्यावरची रीत अशी होती: घात पुढे आणा, २ लॉग क्ष = २, म्हणून लॉग क्ष = १, म्हणून क्ष = १०. वहीत लिहिलं होतं: क्ष वर्ग = १००, म्हणून क्ष = १० किंवा उणे १०. मी 'उणे १०' वर काट मारली, शेजारी 'ऋण संख्येचा लॉग नसतो' असं ठसठशीत लिहिलं आणि एक गुण कापला. ती उठून उभी राहिली. त्या काळी मुली वर्गात फारशा उठून बोलत नसत. म्हणाली, "सर, मी ऋण संख्येचा लॉग घेतलेलाच नाही. आधी वर्ग केलाय." सरांनी माझ्याकडे बघितलं. मी, पहिल्या बाकावरचा हुशार, आत्मविश्वासाने पुस्तकातलं वाक्य म्हटलं. तेवढ्यात घंटा झाली आणि गुण कापलेलाच राहिला. वर्ग हसला. पुढे निरोप समारंभापर्यंत तिला 'उणे दहा' हे नाव चिकटलं, आणि ते नाव मी ठेवलं होतं.

मी आकडे घालून बघितले नाहीत. उणे १० चा वर्ग १००, १०० चा लॉग २. सरांनी शिकवलेली साधी तपासणी, एका ओळीची.

तर इतिहास. लॉगरिदम ज्याने काढले तो जॉन नेपियर शिक्षक नव्हता, प्राध्यापकही नव्हता. स्कॉटलंडमध्ये एडिनबरोजवळच्या मर्चिस्टनचा जहागीरदार, शेतीवाडी बघणारा. जन्म १५५०. वीसेक वर्षं खपून त्याने १६१४ साली लॉगरिदमचं पहिलं कोष्टक लॅटिनमध्ये छापलं. शिवाजी महाराजांच्या जन्माला तेव्हा अजून सोळा वर्षं होती. ग्रहांची गणितं करणाऱ्यांना आणि दर्यावर्दी लोकांना सात-सात आकडी संख्यांचे गुणाकार करावे लागत आणि त्यात आयुष्यं जात. नेपियरने दोन बिंदू कल्पिले. एक सारख्या वेगाने चालतो. दुसऱ्याचा वेग, त्याला जेवढं अंतर उरलं असेल त्या प्रमाणात कमी होत जातो. पहिल्याने कापलेलं अंतर हा दुसऱ्याच्या उरलेल्या अंतराचा लॉग. यात 'घात' नाही, 'पाया' नाही. आपण आज ज्या व्याख्येने सुरुवात करतो ती नेपियरला ठाऊकच नव्हती.

आणि गंमत पुढेच आहे. नेपियरने शून्य लॉग दिला तो १ ला नव्हे, १ कोटीला, कारण त्याच्या त्रिकोणमितीच्या कोष्टकांची त्रिज्या तेवढी होती. संख्या लहान होत जाईल तसा लॉग वाढत जाई. त्याच्या व्याख्येप्रमाणे १ चा लॉग १६ कोटींहून मोठा येतो. म्हणजे लॉग (अ × ब) = लॉग अ + लॉग ब हा आपला लाडका नियम पहिल्या लॉगटेबलात लागूच पडत नव्हता! दर वेळी त्यातून तो १ चा अगडबंब लॉग वजा करावा लागे. नेपियरचं काम प्रमाणांवर चालत असल्यामुळे त्याचं फारसं अडलं नाही. पण आपल्या सरांनी मला विचारलेला प्रश्न नेपियरलाही विचारता आला असता.

तो विचारला लंडनच्या ग्रेशम कॉलेजातल्या भूमितीच्या प्राध्यापकाने, हेन्री ब्रिग्जने. पुस्तक वाचून तो इतका झपाटला की १६१५ च्या उन्हाळ्यात तेव्हाच्या रस्त्यांनी थेट एडिनबरोला जाऊन पोचला. विल्यम लिली नावाच्या एका ज्योतिषाने लिहून ठेवलंय की दोघे समोरासमोर आले तेव्हा जवळजवळ पाव तास एकमेकांकडे नुसते कौतुकाने बघत राहिले, कुणी शब्द बोललं नाही. ज्योतिषाचं लिखाण म्हणून थोडी भर सोडून देऊ. पण ब्रिग्ज तिथे महिनाभर राहिला आणि पुढच्या वर्षी पुन्हा गेला, हे खरं. कोष्टक बदलायला हवं हे ब्रिग्जने मनाशी ठरवलेलंच होतं. नेपियर म्हणाला, माझ्याही मनात आलं होतं, पण तब्येत साथ देत नाही. आणि त्यात त्याने एक सुधारणा सुचवली: शून्य हा १ चा लॉग असावा. १ चा लॉग शून्य, १० चा १. आपला गुणाकाराचा नियम खरा झाला तो इथे, दोन म्हाताऱ्यांच्या चर्चेत. सर, तुमच्या प्रश्नाचं उत्तर हे.

नेपियर १६१७ च्या एप्रिलमध्ये गेला. त्याच वर्षी ब्रिग्जने १ ते १००० पर्यंतच्या संख्यांचे लॉग चौदा दशांश स्थळांपर्यंत छापले. त्यासाठी त्याने १० चं वर्गमूळ काढलं, त्याचं वर्गमूळ, पुन्हा त्याचं, असं सलग ५४ वेळा. हाताने. आपण बारावीला चार स्थळांचं टेबल बघताना 'मीन डिफरन्स'ची रांग चुकलो की कपाळावर हात मारत होतो! १६२४ मध्ये त्याचं मोठं पुस्तक आलं, १ ते २०,००० आणि ९०,००० ते १,००,०००. मधली जागा हॉलंडच्या व्लाकने १६२८ साली भरली. प्रागमधल्या बुर्गी नावाच्या घड्याळजीनेही स्वतंत्रपणे तसलीच कोष्टकं केली होती, पण ती छापली १६२० साली, नेपियरनंतर सहा वर्षांनी. केप्लरने त्यावरून त्याला चांगलंच सुनावलं आहे, मूल जन्मतःच टाकून दिलं म्हणून. केप्लरने स्वतः १६२७ च्या आपल्या ग्रहकोष्टकांत लॉग वापरले.

इथे आपल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवरचा एक वाद मिटवून टाकतो. 'हे सगळं आपल्याकडे आधीच होतं' असा मजकूर फिरला होता. त्यातलं खरं एवढं: नवव्या शतकात वीरसेन या जैन आचार्यांनी 'धवला' टीकेत 'अर्धच्छेद' ही कल्पना वापरली आहे. एखादी संख्या किती वेळा निम्मी करता येते, तेवढे तिचे अर्धच्छेद. ३२ चे पाच. आजच्या भाषेत हा २ पायाचा लॉग झाला. गुणाकाराचे अर्धच्छेद म्हणजे अर्धच्छेदांची बेरीज, हेही त्यांना माहीत होतं. तीन पायाचा आणि चार पायाचाही विचार त्यात आहे. मात्र आकडेमोड सोपी करणारं कोष्टक हे त्यांचं उद्दिष्ट नव्हतं. तेवढ्यावर अभिमान बाळगायला माझी हरकत नाही. नेपियरने चोरलं वगैरे पुढे जोडू नये.

आता नैसर्गिक लॉगकडे येतो, कारण माझा गुन्हा शेवटी तिथेच जाऊन पोचतो. हा लॉग कोष्टकातून आला नाही, क्षेत्रफळातून आला. बेल्जियमच्या ग्रेगरी सेंट-व्हिन्सेंट या जेझुइट पाद्र्याने १ भागिले क्ष या वक्राखालच्या क्षेत्रफळांचा अभ्यास केला. युद्धाच्या धामधुमीत त्याला प्राग सोडून पळावं लागलं, कागद मागे राहिले, ते परत मिळायला दहाएक वर्षं गेली. पुस्तक अखेर १६४७ साली निघालं. त्याच्या लक्षात आलं होतं की या वक्राखाली १ पासून २ पर्यंतचं क्षेत्रफळ आणि ३ पासून ६ पर्यंतचं क्षेत्रफळ एकच असतं. रुंदी तिप्पट होते, उंची एक तृतीयांश होते, फिटंफाट. म्हणजे गुणोत्तर सारखं तर क्षेत्रफळ सारखं. १६४९ मध्ये द सारासा या दुसऱ्या जेझुइटाने म्हटलं, अरे, हे तर लॉगरिदमच. १ पासून २ पर्यंतचं ते क्षेत्रफळ ०.६९३. रसायनशास्त्राच्या प्रयोगवहीत अर्धायुष्य काढताना आपण भाबडेपणाने जो ०.६९३ लिहायचो, तोच हा. तिथेही आपण काही जणांनी लॉग (अ भागिले अ उणे क्ष) ची फोड लॉग अ भागिले लॉग (अ उणे क्ष) अशी केली होती. १०० मधले ५० संपले तर खरं उत्तर लॉग २, म्हणजे ०.३०१०, आणि त्या फोडीने येतं १.१७७. उत्तरं जमेनात म्हणून ब्युरेटला दोष दिला.

१६६८ साली निकोलस मर्केटरने (नकाशेवाला मर्केटर वेगळा) या लॉगची अनंत श्रेणी छापली: लॉग (१ + क्ष) म्हणजे क्ष, उणे क्ष वर्ग भागिले २, अधिक क्ष घन भागिले ३, असंच पुढे. नैसर्गिक लॉग हे नावही त्याच्या पुस्तकात आहे. न्यूटनला ही श्रेणी आधीच सापडली होती. प्लेगमुळे केंब्रिज बंद पडलं त्या १६६५ च्या उन्हाळ्यात त्याने हे क्षेत्रफळ ५२ अंकांपर्यंत काढलं होतं. पुढे एका पत्रात त्याने कबूल केलंय की किती स्थळांपर्यंत हिशोब केला ते सांगायची लाज वाटते, इतका रिकामा वेळ होता. आपल्यालाही टाळेबंदीत असा वेळ मिळाला होता. मी तेव्हा पत्ते खेळलो.

ही श्रेणी एकदा नजरेखालून घातली की लॉग (१ + क्ष) ची फोड करायचा मोह जातो. क्ष लहान असेल तर लॉग (१ + क्ष) जवळपास क्ष एवढाच असतो. बँकेतलं उदाहरण देतो. वर्षाला ८ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेव किती वर्षांत दुप्पट होईल? २ चा नैसर्गिक लॉग भागिले १.०८ चा नैसर्गिक लॉग. ०.६९३१ भागिले ०.०७७०, म्हणजे नऊ वर्षं. आमच्याकडे आलेल्या एका नव्या, चांगल्या शिकलेल्या अधिकाऱ्याने एकदा १.०८ चा लॉग म्हणून १ चा लॉग अधिक ०.०८ चा लॉग घेतला. १ चा लॉग शून्य, ०.०८ चा नैसर्गिक लॉग उणे २.५२५७. भागाकार आला उणे ०.२७ वर्षं. म्हणजे ग्राहकाने पैसे ठेवण्याच्या सव्वातीन महिने आधीच दामदुप्पट! मी त्याला म्हटलं, ही योजना जाहीर करू नकोस, शाखेत रांग लागेल. आणि मग सरांसारखं म्हटलं, आकडे घालून बघ.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला लॉगचे नियम वापरून सगळे सराईत झाले होते. मग कुणीतरी ऋण संख्येकडे बोट दाखवलं.

१७१२ साली लाइबनिट्स आणि योहान बर्नुली यांच्यात पत्रांतून वाद सुरू झाला. उणे १ चा लॉग काय? कलनशास्त्र उभं करणाऱ्यांतला एक माणूस आणि युरोपातला एक पहिल्या फळीचा गणिती, वर्षाहून जास्त काळ एकमेकांना समजावत होते आणि कुणीच कुणाला पटवू शकलं नाही. लाइबनिट्स म्हणे, १ पेक्षा मोठ्या संख्यांचे लॉग धन, शून्य ते १ मधल्यांचे ऋण. सगळे धन आणि ऋण लॉग वापरून झाले. मग उणे १ ला उरलं काय? त्याचा लॉग खरा असूच शकत नाही, काल्पनिक असला पाहिजे. बर्नुली म्हणे, नाही, उणे क्ष चा लॉग तोच जो क्ष चा. पुरावा? कलन करून बघा. लॉग क्ष चं अवकलन १ भागिले क्ष येतं, आणि लॉग (उणे क्ष) चंही १ भागिले क्ष च येतं. अवकलन एकच, म्हणून लॉगही एकच. दुसरा पुरावा तर आपल्या वर्गातलाच: उणे क्ष चा वर्ग आणि क्ष चा वर्ग एकच, त्यांचे लॉग एकच, आता घात पुढे आणा, २ लॉग (उणे क्ष) = २ लॉग क्ष. दोन्हीकडचा २ काढा. झालं.

हे वाचताना मी खुर्चीत ताठ बसलो. घात पुढे आणा. मी खिडकीजवळच्या त्या वहीवर काट मारली होती ती याच पायरीच्या जोरावर. फरक एवढाच की बर्नुलीने ती वापरून ऋण संख्येला नको तो लॉग दिला आणि मी ती वापरून समीकरणाचं एक खरंखुरं उत्तर मारून टाकलं.

लाइबनिट्स १७१६ मध्ये गेला, वाद तसाच राहिला. त्यांची पत्रं १७४५ साली छापली गेली तेव्हा लोकांना कळलं की एवढी मोठी माणसं एवढ्या साध्या दिसणाऱ्या गोष्टीवर अडली होती. लिओनार्ड ऑयलर हा बर्नुलीचाच शिष्य. वीस-एकवीस वर्षांचा असतानाच त्याने गुरूला पत्रातून यावर शंका विचारल्या होत्या. नैसर्गिक लॉगच्या पायाला 'ई' हे अक्षर देणारा तोच, १७३१ च्या एका पत्रात ते दिसतं. 'लॉग म्हणजे घातांक' ही आपल्या पुस्तकातली व्याख्या त्याने १७४८ च्या ग्रंथात पक्की केली. आणि १७४९ च्या निबंधात त्याने हा वाद निकाली काढला.

त्याचा निकाल असा. बर्नुली, अवकलन एक आहे हे मान्य. पण दोन राशींचं अवकलन एक असलं म्हणजे त्या राशी एक होत नाहीत. त्यांच्यात एखाद्या स्थिरांकाचा फरक असू शकतो. लॉग (उणे क्ष) म्हणजे लॉग क्ष अधिक लॉग (उणे १), आणि तो लॉग (उणे १) अवकलनात गळून पडतो. मित्रांनो, आठवतंय? संकलनाच्या प्रत्येक उत्तरापुढे 'अधिक सी' लिहायला विसरलो की सर अर्धा गुण कापायचे. तो 'सी' बर्नुली विसरला होता! मग ऑयलर म्हणाला, लाइबनिट्स बरोबर दिशेने होता, उणे १ चा लॉग काल्पनिकच आहे, पण तो एक नाही, अनंत आहेत: पाय गुणिले उणे १ चं वर्गमूळ, त्याची तिप्पट, पाचपट, आणि त्यांच्याच ऋण बाजू. प्रत्येक संख्येला असे अनंत लॉग असतात. धन संख्येच्या लॉगांपैकी एकच खरा असतो, तोच आपल्या टेबलात छापलेला. त्यामुळे 'दोन्हीकडचा २ काढा' ही निरुपद्रवी वाटणारी पायरी ऋण संख्यांच्या बाबतीत चालत नाही. एवढं छापून आल्यावरही दालांबेरसारख्या गणित्याला ते पटलं नाही, तो बर्नुलीच्याच बाजूने राहिला. म्हणजे ज्याला पटत नाही त्याला ऑयलरही पटवू शकत नाही.

बारावीपुरता काल्पनिक संख्यांचा भाग बाजूला ठेवला तरी यातून नियम निघतो तो स्वच्छ आहे. लॉग (क्ष वर्ग) = २ लॉग क्ष, हे क्ष धन असेल तरच. क्ष कसाही असू शकत असेल तर लॉग (क्ष वर्ग) = २ लॉग, आणि कंसात क्ष च्या दोन्ही बाजूंना त्या दोन उभ्या दांड्या, म्हणजे मॉड. १ भागिले क्ष चं संकलन लिहितानाही सर त्या दांड्या काढायला लावायचे. आपण त्या परीक्षेपुरत्या काढल्या. वर्ग आत असताना क्ष ऋण चालतो, घात बाहेर आणला की चालत नाही. म्हणजे ती पायरी समीकरण सोपं करत नव्हती, एक उत्तर गुपचूप खात होती. याची उलट बाजूही आहे. लॉग क्ष + लॉग (क्ष उणे ३) = १, पाया १०, हे एकत्र केलं तर क्ष (क्ष उणे ३) = १० आणि उत्तरं ५ व उणे २ येतात. इथे मात्र उणे २ ला काट मारायलाच हवी, कारण मूळ समीकरणात क्ष चा लॉग घेतलेला आहे. एके ठिकाणी ऋण उत्तर ठेवायचं, दुसरीकडे टाकायचं, आणि ठरवायचं कसं, तर मूळ ओळीत आकडे घालून.

सर या मेळाव्याला येणार आहेत असं कळलं. त्यांनी त्या शनिवारी निवाडा दिला नाही असं मी मनात कित्येक वर्षं म्हणत होतो, पण खरं तर त्यांनी मला विचारलं होतं आणि चुकीचं उत्तर मी दिलं होतं. घंटा पाच मिनिटं उशिरा झाली असती तर त्यांनी स्वतः आकडे घातले असते याची मला खात्री आहे.

आणि खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावरच्या मैत्रिणीला. तुझा नंबर ग्रुपवर गेल्या महिन्यात आला, मी तीनदा काहीतरी लिहून पुसलं. तू त्या दिवशी जे वाक्य बोललीस, 'मी ऋण संख्येचा लॉग घेतलेलाच नाही, आधी वर्ग केलाय', ते बर्नुलीला कुणी सुनावलं असतं तर बरं झालं असतं. ते टोपणनाव मी ठेवलं होतं हे तुला तेव्हा माहीत होतं की नाही, मला कल्पना नाही. आता छापून झालं. तुझी ती वही कुठे असेल देव जाणे, पण त्या चाचणीत मी नऊ लिहिले होते. दहापैकी दहा.